इंग्लिश कंट्री डान्स

इंग्लिश कंट्री डान्स : इंग्लंडमधील, जोडीजोडीने करावयाच्या सामाजिक समूहनृत्याचा एक प्रमुख प्रकार. त्याचे लिखित उल्लेख सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून आढळतात. ह्या नृत्यात स्त्री-पुरुषांच्या अनेक जोड्या समोरासमोरच्या दोन रांगांत, रिंगणात अथवा चौकोनात उभ्या राहतात आणि वाद्यसंगीताच्या खंडांशी मेळ राखून निरनिराळ्या आकृत्या रचतात. रंगमंचावर प्रेक्षकांपुढे सादर करण्याचे हे नृत्य नव्हे. नाचणाऱ्यांनी एकमेकांच्या सहवासाच्या आनंदासाठी करावयाचे ते नृत्य आहे. मॉरिस नृत्य व तलवारनृत्य हे इंग्लंडमधील अन्य दोन पारंपरिक प्रकार विशिष्ट सणांशी निगडित असून ते तालीम घेतलेल्या ठराविक संघांकडून केले जातात. कंट्री डान्समध्ये मात्र आलेल्या कोणालाही सहभागी होता येते. १६५१ पासून आजवरची छापील सामग्री उपलब्ध असल्याने यूरोपीय सामाजिक नृत्याच्या इतिहासात ह्या प्रकाराला विशेष महत्त्व आहे. त्याचबरोबर, ज्याची परंपरा मुख्यतः पुस्तकांतून टिकली त्या नृत्यास ‘लोकनृत्य’ म्हणावे काय, हा प्रश्नही त्याच्या अभ्यासातून पुढे आला आहे.

नाव : ‘कंट्री’ म्हणजे ग्रामीण भाग वा देश. दरबारात रूढ असलेल्या फ्रेंच व इटालियन नृत्यांहून निराळे, आपल्या मुलखातील नृत्य, अशा अर्थाने हे नाव पडले असावे. फ्रेंच भाषेतील ‘काँत्रदांस’ (समोरासमोरचे नृत्य) ह्या शब्दापासून इंग्रजी नाव आले, असे मत काही जुन्या लेखकांनी मांडले होते. पण ते कालक्रमाशी जुळत नाही. इंग्रजी नाव आधीचे असून सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे नृत्य फ्रान्समध्ये गेल्यावर त्याचे फ्रेंच रूप तयार झाले. रांगा समोरासमोर असल्यामुळे ते नव्या अर्थानेही सार्थ ठरले.

स्वरूप व रचना : नर्तकांच्या मांडणीनुसार ह्या नृत्याचे अनेक प्रकार होतात. रिंगणात कितीही जोड्या घेता येतात. चौकोनात चार जोड्या चार बाजूंना उभ्या राहतात. दोन जोड्यांचे नृत्य समोरासमोर उभे राहून होते. तर ‘लाँगवेज’ ह्या प्रकारात पुरुषांची एक व स्त्रियांची एक अशा दोन लांब रांगा असतात. लाँगवेजमध्येही तीन वा चार जोड्यांपुरती मर्यादित आणि ‘जितक्या येतील तितक्या’ जोड्यांची, असे दोन भेद आहेत. ह्यांपैकी शेवटचा भेद पुढे सर्वाधिक रूढ झाला.

ह्या शेवटच्या भेदाचे वैशिष्ट्य म्हणजे जोड्यांची क्रमाक्रमाने होणारी सरक. रांगेच्या वरच्या टोकाकडून म्हणजे वादकांच्या बाजूकडून सुरुवात करून दोन-दोन जोड्यांचे गट पाडतात. गटातील वरची जोडी ‘पहिली’ व खालची ‘दुसरी’. संगीताच्या एका आवर्तनात ठरलेल्या आकृत्या पूर्ण झाल्या, की पहिली जोडी एक जागा खाली व दुसरी जोडी एक जागा वर आलेली असते. नव्या आवर्तनात पहिल्या जोडीला नवी दुसरी जोडी भेटते. टोकाला पोहोचलेली जोडी एक आवर्तन थांबते आणि मग उलट भूमिका घेऊन परत फिरते. ह्या योजनेमुळे नृत्य पुरेसा वेळ चालल्यास प्रत्येक जोडीला रांगेतील अन्य जोड्यांबरोबर नाचावे लागते. श्रेष्ठ-कनिष्ठ, परिचित-अपरिचित असा भेद न ठेवता सर्वांना एकमेकांच्या हाती हात द्यावयास लावणारी ही रचना हेच ह्या नृत्याचे सामाजिक मर्म होय. काही नृत्यांत गट तीन जोड्यांचा असतो. अठराव्या शतकात तो विशेष लोकप्रिय होता.

आकृत्यांचा संग्रह मर्यादित पण त्यांची जुळणी विविध असते. ‘डबल’ म्हणजे चार पावले पुढे जाऊन पाय जुळविणे व तसेच मागे येणे. ‘सेटिंग’ म्हणजे जागीच उजवीकडे व डावीकडे लहान पाऊल टाकून जोडीदाराला जणू अभिवादन करणे. ‘आर्मिंग’ म्हणजे बाहूत बाहू घालून फेरी घेणे. ‘कास्टिंग’ म्हणजे बाहेरच्या अंगाने वळून रांगेमागून दुसऱ्या जागी जाणे. ‘हे’ नावाच्या आकृतीत तीन वा अधिक नर्तक एकमेकांच्या डाव्या-उजव्या अंगांनी वेणी गुंफल्याप्रमाणे फिरतात. ह्यांखेरीज हातांची साखळी, चौघांचे रिंगण, कमानीखालून जाणे इ. आकृत्या आहेत. पदन्यास साधा, चालण्याचा वा हलक्या धावेचा असतो. नर्तकाचे कसब पावलांच्या कारागिरीत नसून संगीताच्या नेमक्या मात्रेवर नेमक्या जागी पोहोचण्यात आणि जोडीदाराकडे लक्ष ठेवण्यात असते.

प्रारंभकाल : पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीत (१५५८–१६०३) हे नृत्य खेड्यांत व दरबारात अशा दोन्ही ठिकाणी होत असल्याचे दिसते. १५९१ मध्ये राणी ससेक्समधील काउड्री येथे गेली असता तेथील उमराव व त्याची पत्नी ह्यांनी आपल्या कुळांसमवेत राणीपुढे कंट्री डान्स केल्याची नोंद आहे. राणीच्या खाजगी दालनात कंट्री डान्स होत असून तिला ते फार आवडतात, असा मजकूर १६०२ मधील एका सरदाराच्या पत्रात आढळतो. हे नृत्य मुळात शेतकऱ्यांचे होते व नंतर वरच्या वर्गाने ते उचलले, असे पूर्वी सरसकट मानले जाई. तथापि ज्या रूपात ते आज ज्ञात आहे, त्या रूपाच्या घडणीत लंडनमधील नृत्यशिक्षकांचा व वादकांचा वाटा मोठा होता, असे आता मानले जाते. नृत्ये खेड्यातून शहरात व शहरातून पुन्हा खेड्यात अशी दोन्ही दिशांनी जात असावीत.

प्लेफर्डचा ग्रंथ : ह्या नृत्याच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना म्हणजे लंडनचा संगीतप्रकाशक जॉन प्लेफर्ड (१६२३–८६) ह्याने १६५१ मध्ये प्रसिद्ध केलेला द इंग्लिश डान्सिंग मास्टर हा ग्रंथ. त्याचे दुकान इनर टेंपल ह्या कायदेपंडितांच्या वसाहतीतील चर्चच्या दाराजवळ होते आणि तेथील वकील व विद्यार्थी हे त्याचे नित्याचे ग्राहक होते. ग्रंथाचा प्रकाशनकाळ लक्षणीय आहे. १६४२ मध्ये नाट्यगृहे बंद करण्यात आली होती. १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद होऊन प्यूरिटनांची सत्ता स्थिर झाली होती. काळ अशा ग्रंथास अनुकूल नाही, ह्याची जाणीव प्लेफर्डने प्रस्तावनेत व्यक्त केली आहे. तरीही ग्रंथ खपला व पुढच्याच वर्षी त्याची दुसरी आवृत्ती निघाली. प्यूरिटन राजवटीत इंग्लंडमध्ये नृत्य संपूर्णपणे थांबले होते, ह्या समजुतीस त्यामुळे छेद जातो. सार्वजनिक करमणुकींवर निर्बंध असले, तरी घरोघरी व खाजगी मंडळींत नृत्य चालू होते.

पहिल्या आवृत्तीत १०५ नृत्ये आहेत. प्रत्येक पानावर वरच्या बाजूस व्हायोलिनवर वाजविता येईल अशी एकपदरी धून व खाली आकृत्यांचे थोडक्यात वर्णन, अशी मांडणी असून पुरुषासाठी चंद्रकोरीचे व स्त्रीसाठी वर्तुळाचे चिन्ह वापरले आहे. ‘गॅदरिंग पीस्कॉड्स’ हे रिंगणातील, ‘न्यूकॅसल’ हे चार जोड्यांचे चौकोनी, ‘ग्रिमस्टॉक’ हे तीन जोड्यांचे व ‘रफ्टी टफ्टी’ हे दोन जोड्यांचे नृत्य, ही त्यातील आजही नाचली जाणारी उदाहरणे होत. पुढील आवृत्त्यांतून ग्रंथाच्या नावातील ‘इंग्लिश’ हा शब्द गळला. प्लेफर्डनंतर त्याचा मुलगा हेन्री व त्यानंतर जॉन यंग ह्यांनी हे प्रकाशन चालू ठेवले आणि १७२८ च्या सुमारास त्याची अठरावी आवृत्ती निघाली. ह्या पाऊणशे वर्षांतील आवृत्त्या ताडून पाहिल्या असता रिंगणे, चौकोन व ठराविक जोड्यांची नृत्ये हळूहळू मागे पडून जितक्या येतील तितक्या जोड्यांच्या लाँगवेज नृत्याने जवळजवळ सर्व जागा व्यापल्याचे दिसून येते. सार्वजनिक नृत्यसभांचा प्रसार आणि मोठ्या समुदायास एकाच वेळी सामावून घेण्याची गरज, हे ह्या बदलामागील प्रमुख कारण म्हणता येईल.

राजसत्तेच्या पुनःस्थापनेनंतर (१६६०) कंट्री डान्सला पुन्हा राजाश्रय लाभला. सॅम्युएल पेपीस ह्या रोजनिशीकाराने ३१ डिसेंबर १६६२ रोजी राजवाड्यातील नृत्यसमारंभ पाहिला. औपचारिक फ्रेंच नृत्ये आटोपल्यावर दुसऱ्या चार्ल्सने स्वतः कंट्री डान्सला प्रारंभ केला, असे त्याने नमूद केले आहे.

अठराव्या शतकातील विस्तार : अठराव्या शतकात इंग्लंडमधील लहानमोठ्या शहरांत वर्गणी भरून प्रवेश मिळणारी नृत्यसभागृहे उभी राहिली. बाथ हे आरोग्यस्थान ह्या संस्कृतीचे केंद्र होते. तेथील समारंभप्रमुख रिचर्ड उर्फ ‘बो’ नॅश (१६७४–१७६१) ह्याने घालून दिलेल्या शिस्तीप्रमाणे नृत्यसभा सायंकाळी सहाला सुरू होई. पहिले दोन तास एकेका जोडीने दर्जाक्रमानुसार मिन्यूएट नृत्य करावयाचे, त्यानंतर सर्वांनी मिळून कंट्री डान्स व रात्री अकराच्या ठोक्याला समाप्ती, असा क्रम ठरलेला असे. अकरानंतर आणखी एक नृत्य व्हावे ही राजकन्या अमीलियाची विनंतीही त्याने मानली नाही, अशी आख्यायिका आहे. मिन्यूएटमध्ये एक जोडी नाचे व बाकीचे तिचे परीक्षण करीत. कंट्री डान्समध्ये सगळे नाचत. दर्जाच्या प्रदर्शनाकडून सामूहिक सहभागाकडे वळण्याचा हा क्षण त्या काळच्या समाजस्थितीवर प्रकाश टाकतो. अर्थात ही समानता वर्गणी भरू शकणाऱ्यांपुरतीच होती व रांगेतील वरची जागा कोणाला मिळावी ह्यावरून तंटेही होत.

लंडनचे संगीतप्रकाशक दरवर्षी ‘अमुक वर्षासाठी चोवीस कंट्री डान्स’ अशा नावाच्या लहान पुस्तिका काढीत. चालू घडामोडी, लढाया, नाटके व नामवंत व्यक्ती ह्यांवरून नृत्यांना नावे दिली जात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी टॉमस विल्सन ह्या नृत्यशिक्षकाने ॲन ॲनालिसिस ऑफ कंट्री डान्सिंग (१८०८) व इतर ग्रंथांतून ह्या नृत्याची आकृत्यांसह पद्धतशीर मांडणी केली. जेन ऑस्टिनच्या (१७७५–१८१७) कादंबऱ्यांत तरुण-तरुणींचा परिचय, पसंती व नापसंती ह्यांची अनेक दृश्ये अशा नृत्यसभांत घडतात. तिच्या नॉर्थँगर ॲबीमधील नायक कंट्री डान्सची तुलना विवाहाशी करतो.

यूरोप व अन्यत्र प्रसार : चौदाव्या लुईच्या दरबारातील नृत्यशिक्षक आंद्रे लोरँ ह्याने सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडला जाऊन ह्या नृत्यांचा अभ्यास केला व त्यांचे हस्तलिखित राजाला सादर केले. राऊल-ओझे फये ह्याने १७०६ मध्ये ह्या नृत्यांचा संग्रह आपल्या नृत्यलिपीत प्रसिद्ध केला. जॉन एसेक्सने १७१० मध्ये त्याचे इंग्रजी रूपांतर केले. फ्रान्समध्ये लांब रांगेऐवजी चार जोड्यांच्या चौकोनास पसंती मिळाली व त्यातून कोतियों आणि पुढे क्वाड्रिल हे प्रकार निघाले. जर्मन भाषिक प्रदेशांतही हे नृत्य लोकप्रिय झाले. मोट्सार्टच्या दोन जोव्हान्नी (१७८७) ह्या संगीतिकेतील नृत्यसभेत मिन्यूएट, काँत्रदांस व जर्मन नृत्य एकाच वेळी तीन वाद्यवृंदांवर वाजतात आणि त्यांतून पात्रांचे सामाजिक स्तर सूचित होतात. बेथोव्हनने आपल्या एका काँत्रदांसची धून तिसऱ्या (‘इरोइका’) सिंफनीच्या अंतिम विभागात वापरली.

अमेरिकेतील न्यू इंग्लंड भागात वसाहतवाल्यांनी नेलेल्या कंट्री डान्सपासून ‘काँट्रा’ नृत्य विकसित झाले. क्यूबातील काँत्रादांसा व त्यातून निघालेले हाबानेरा आणि दांसोन ह्यांचे मूळही ह्याच घराण्यात आहे. भारतात कलकत्ता, मद्रास व मुंबई येथील कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांच्या मेजवान्यांत मिन्यूएटनंतर कंट्री डान्स करण्याची चाल होती. मात्र ती यूरोपीय समाजापुरतीच मर्यादित राहिली. गोव्यात पोर्तुगीज मार्गाने आलेल्या यूरोपीय नृत्यांचा परिणाम अधिक खोल झाला. एकोणिसाव्या शतकात तेथील ख्रिस्ती समाजात विकसित झालेल्या मांडो ह्या कोकणी गीतनृत्यात स्त्रिया व पुरुष समोरासमोरच्या दोन रांगांत नाचतात. त्यात यूरोपीय नृत्यदालनातील प्रकारांचे संस्कार मानले जातात.

ऱ्हास : १८१५ मध्ये लंडनच्या ‘अल्मॅक्स’ ह्या प्रतिष्ठित नृत्यसभागृहात क्वाड्रिल अवतरले. त्याच सुमारास वॉल्ट्स व १८४० नंतर पोल्का लोकप्रिय झाले. वॉल्ट्समध्ये जोडीला इतरांची गरज नसते. एकमेकांना धरून ती स्वतंत्रपणे गिरक्या घेते. सर्वांनी सर्वांबरोबर नाचण्याची कल्पना त्यामुळे मागे पडली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहरी नृत्यसभांतून कंट्री डान्स जवळजवळ नाहीसा झाला. ‘सर रॉजर डी कव्हर्ली’ सारखे एखादे नृत्य समारंभाच्या शेवटी उरले. डिकिन्झच्या अ ख्रिसमस कॅरोलमध्ये (१८४३) फेझीविगच्या मेजवानीत ते येते. खेड्यांत मात्र व्हायोलिन वाजविणाऱ्या स्थानिक वादकांच्या आधाराने काही नृत्ये टिकून राहिली. टॉमस हार्डीच्या अंडर द ग्रीनवुड ट्री (१८७२) ह्या कादंबरीत अशा वादकांचे चित्रण आहे. हार्डी स्वतःही तरुणपणी अशा प्रसंगी व्हायोलिन वाजवीत असे.

पुनरुज्जीवन : विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या नृत्याच्या पुनरुज्जीवनाचे मुख्य कार्य सेसिल शार्प (१८५९–१९२४) ह्या संगीतशिक्षकाने केले. २६ डिसेंबर १८९९ रोजी ऑक्सफर्डजवळील हेडिंग्टन येथे त्याने मॉरिस नृत्य पाहिले व वादक विल्यम किंबर ह्याच्याकडून त्याच्या धुना उतरवून घेतल्या. पुढे १९०३ पासून त्याने लोकगीतांचे संकलन सुरू केले. लंडनमधील शिवणकाम करणाऱ्या मुलींसाठी एस्पेरान्स क्लब चालविणाऱ्या मेरी नील (१८६०–१९४४) ह्यांनी १९०५ नंतर ही गीते व नृत्ये प्रत्यक्ष व्यवहारात आणली. लोकनृत्य उत्स्फूर्त आनंदासाठी सर्वांना खुले असावे, ही नील ह्यांची भूमिका. तर त्याचे पारंपरिक रूप अचूकपणे शिकविले गेले पाहिजे, हा शार्पचा आग्रह. दोघांत तीव्र मतभेद झाले. ६ डिसेंबर १९११ रोजी शार्पच्या पुढाकाराने ‘इंग्लिश फोक डान्स सोसायटी’ स्थापन झाली व त्याच्या मताचे पारडे जड झाले.

शार्पच्या द कंट्री डान्स बुक ह्या ग्रंथाचा पहिला भाग (१९०९) खेड्यांतून प्रत्यक्ष गोळा केलेल्या नृत्यांचा आहे. १९११ पासूनच्या भागांत मात्र त्याने प्लेफर्डच्या ग्रंथातील नृत्यांचा अर्थ लावून ती नव्याने रचली. हे काम कठीण होते, कारण प्लेफर्डने आपल्या काळातील नर्तकांना ठाऊक असलेल्या गोष्टी लिहून ठेवल्या नव्हत्या. उदा., ‘साइडिंग’ ही आकृती. शार्पच्या अर्थाप्रमाणे जोडीदार वक्र मार्गाने एकमेकांच्या जागी जातात व तसेच परत येतात. पुढे पॅट शॉ (१९१७–७७) ह्या संशोधक व रचनाकाराने ती निराळ्या रीतीने मांडली : खांद्याला खांदा भिडेपर्यंत पुढे यावयाचे व मागे सरावयाचे. शॉ ह्याचा अर्थ ऐतिहासिक दृष्ट्या अधिक ग्राह्य मानला जातो. पण शार्पची आकृती अनेक पिढ्यांच्या अंगवळणी पडल्याने दोन्ही चालू आहेत.

पहिल्या महायुद्धाने ह्या चळवळीची मोठी हानी केली. शार्पच्या प्रात्यक्षिक संघातील चार तरुण – संगीतकार जॉर्ज बटरवर्थ, पर्सिव्हल ल्यूकस, जॉर्ज विल्किन्सन व रेजिनल्ड टिडी – १९१६ मध्ये रणांगणावर मृत्यू पावले. युद्धकाळात शार्पने मॉड कार्पेलीझ (१८८५–१९७६) ह्यांच्यासमवेत अमेरिकेतील ॲपालॅचियन पर्वतप्रदेशात लोकगीतांचे संकलन केले. तेथील केंटकी राज्यात त्यांना आढळलेले ‘रनिंग सेट’ हे नृत्य १९१८ च्या भागात समाविष्ट आहे. शार्पच्या मृत्यूनंतर लंडनमध्ये त्याच्या स्मरणार्थ ‘सेसिल शार्प हाउस’ ही वास्तू १९३० मध्ये खुली झाली. १९३२ मध्ये ही संस्था १८९८ पासूनच्या ‘फोक साँग सोसायटी’त मिळून ‘इंग्लिश फोक डान्स अँड साँग सोसायटी’ निर्माण झाली. स्कॉटलंडमध्ये १९२३ मध्ये स्वतंत्र संस्था स्थापन झाल्याने स्कॉटिश कंट्री डान्सची वाटचाल वेगळी झाली.

संगीत : ह्या नृत्याची धून साधारणपणे आठ-आठ मात्राखंडांच्या दोन भागांची असून प्रत्येक भाग दोनदा वाजवून बत्तीस खंडांचे एक आवर्तन होते. जिग, रील, तीन ठोक्यांचे जुने हॉर्नपाइप व वॉल्ट्स अशा निरनिराळ्या लयी त्यात येतात. लोकगीते, नाटकांतील पदे व नामवंत संगीतकारांच्या रचना ह्या सर्वांतून धुना घेतल्या गेल्या. ‘होल इन द वॉल’ ह्या नृत्याची धून हेन्‍री पर्सेलने अब्देलाझर (१६९५) ह्या नाटकासाठी रचलेल्या संगीतातील आहे. छापील ग्रंथांत केवळ मूळ धून असल्याने साथ, स्वरमेळ व अलंकरण वादकांवर सोपविलेले असते. एकच धून दहा-पंधरा वेळा वाजवावयाची असल्याने प्रत्येक आवर्तनात वाद्ये बदलणे, लय न मोडता जोर कमीजास्त करणे, ही वादकांची कसोटी ठरते. ध्वनिमुद्रित संगीताची आवर्तने आधीच ठरलेली असतात. प्रत्यक्ष वादक मात्र नर्तकांकडे पाहून लय सावरतात, चुकलेल्या गटाला सावरावयास अवसर देतात आणि रांगेची लांबी पाहून नृत्य लांबवितात वा आटोपते घेतात. म्हणूनच प्रत्यक्ष वादन हे ह्या नृत्याचे अविभाज्य अंग मानले जाते. बॉस्टन येथील ‘बेअर नेसेसिटीज’ ह्या वादकसंचाने पियानो, व्हायोलिन व बासरीवर्गीय वाद्यांच्या साहाय्याने ह्या संगीताची आधुनिक शैली घडविली. त्यातील पीटर बार्न्झ ह्यांनी संपादिलेला धुनांचा संग्रह (१९८६) वादकांच्या नित्य वापरात आहे.

सप्ताहान्त-मेळावे : आजच्या काळात हे नृत्य मुख्यतः तीन ठिकाणी आढळते : गावोगावच्या साप्ताहिक मंडळांत, औपचारिक ‘बॉल’ समारंभांत आणि शुक्रवार सायंकाळपासून रविवार दुपारपर्यंत चालणाऱ्या निवासी मेळाव्यांत. शार्पने स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन येथे चालविलेले उन्हाळी वर्ग हे ह्या मेळाव्यांचे पूर्वरूप होय. अमेरिकेत १९१५ मध्ये ह्या चळवळीची शाखा निघाली. मॅसॅचूसेट्समधील प्लिमथजवळचे पाइनवुड्स हे वनशिबिर १९३० नंतर तिचे प्रमुख केंद्र बनले, तर केंटकीतील बिरीया कॉलेजात १९३८ पासून नाताळच्या सुट्टीत कंट्री डान्सचा वर्ग भरू लागला. इंग्लंडमध्ये सॉमरसेटमधील हॉल्स्वे मॅनर हा जुना वाडा १९६५ पासून लोककलांचे निवासी केंद्र आहे. १९५५ मध्ये सिडमथ येथे सुरू झालेल्या लोककला महोत्सवातही नृत्याला मोठे स्थान मिळाले.

अशा मेळाव्याचा कार्यक्रम साधारणतः ठरलेला असतो. शुक्रवारी रात्री परिचित नृत्ये होऊन मंडळी एकमेकांना सरावतात. शनिवारी सकाळी व दुपारी शिकवणीची सत्रे होतात : नवशिक्यांसाठी मूलभूत आकृत्या, अनुभवींसाठी एखाद्या कालखंडाची वा रचनाकाराची नृत्ये आणि वादकांसाठी स्वतंत्र वर्ग. रात्री मुख्य नृत्यसमारंभ होतो. रविवारी निरोपाची नृत्ये होतात व बहुधा वॉल्ट्सने शेवट केला जातो. सर्व सूत्रे ‘कॉलर’ म्हणजे पुकारा करणाऱ्या व्यक्तीच्या हाती असतात. तो नृत्याची माहिती देतो, संगीताविना एकदा सर्व आकृत्या करवून घेतो व संगीत सुरू झाल्यावर पहिली काही आवर्तने आगाऊ सूचना देतो. नर्तकांना क्रम आठवू लागला, की तो गप्प होतो. पुढचे नृत्य संगीतच चालविते. प्रत्येक नृत्यानंतर जोडीदार बदलण्याचा प्रघात असल्याने एकटी आलेली व्यक्तीही एकटी राहत नाही. स्वयंपाक, मांडणी व स्वच्छता ही कामे अनेक ठिकाणी मंडळी वाटून घेतात. २०२० मधील जागतिक साथीने हातात हात घेण्यावरच आधारलेले हे मेळावे एकाएकी थांबले. साथ ओसरल्यावर ते पुन्हा भरू लागले. पण सभासदांचे वाढते वय व तरुणांची अल्पसंख्या ही चिंता अनेक मंडळांपुढे आहे.

नव्या रचना व नवे प्रश्न : १९३२ मधील द मॅगट पाय ह्या संग्रहाने जुन्या शैलीत नवी नृत्ये रचण्यास चालना दिली. पॅट शॉ ह्याने पुढे ही वाट प्रशस्त केली. त्यामुळे एकाच समारंभात १६५१ मधील आणि अलीकडच्या काळातील नृत्ये शेजारीशेजारी येतात. चित्रपट व दूरचित्रवाणी ह्यांनी ह्या नृत्याला नवा प्रेक्षक दिला, तसा कालविपर्यासही रूढ केला. १९९५ मधील प्राइड अँड प्रेज्युडिस ह्या दूरचित्रवाणी मालिकेतील ‘मिस्टर बेव्हरिजेस मॅगट’ हे नृत्य १६९५ च्या सुमाराचे, म्हणजे कथाकाळाच्या शंभर वर्षे आधीचे आहे. शिवाय पडद्यावर दिसते ते विसाव्या शतकातील पुनर्रचित रूप होय.

शार्पच्या कार्याचीही चिकित्सा झाली. डेव्ह हार्कर (फेकसाँग, १९८५) व जॉर्जिना बॉइझ (द इमॅजिन्ड व्हिलेज, १९९३) ह्यांनी असे दाखवून दिले, की पुनरुज्जीवकांनी कल्पिलेले निर्मळ, प्राचीन खेडे बरेचसे त्यांच्या स्वतःच्या मध्यमवर्गीय राष्ट्रवादी दृष्टीचे अपत्य होते आणि काय निवडावे व काय वगळावे हेही तीच दृष्टी ठरवीत होती. दुसरा प्रश्न स्त्री-पुरुष भूमिकांचा. दोन रांगा म्हणजे पुरुषांची व स्त्रियांची, ही कल्पना रचनेच्या दृष्टीने अपरिहार्य नाही. अनेक आकृत्या दोन्ही बाजूंना सारख्याच असतात. १९७० नंतर अमेरिकेत कार्ल विटमन ह्याने ‘डावी रांग–उजवी रांग’ अशा शब्दांनी नृत्य शिकविण्यास आरंभ केला. आता अनेक मंडळांत केवळ जागेवरून सूचना दिल्या जातात व कोणीही कोणत्याही बाजूला उभे राहते. काहींना हा परंपरेचा भंग वाटतो; इतरांच्या मते, ज्या नृत्याने पूर्वीही काळाप्रमाणे रूप पालटले, त्याच्या परंपरेला हे धरूनच आहे.

मूल्यमापन : इंग्लिश कंट्री डान्सची परंपरा अखंड नाही. ती एकोणिसाव्या शतकात बव्हंशी तुटली व ग्रंथांच्या आधारे पुन्हा जोडली गेली. त्यामुळे आज नाचले जाणारे रूप प्लेफर्डच्या काळातील रूपाशी तंतोतंत जुळते, असे म्हणता येत नाही. परंतु केवळ ग्रंथांनीही हे नृत्य जगले नसते. छापील पानावर आकृत्या व एकपदरी धून असते. पावलांचा डौल, नजरानजर, वादकाने दिलेला उठाव व चुकलेल्यास सावरून घेणारा शेजाऱ्याचा हात ह्या गोष्टी माणसांकडून माणसांकडेच जातात. लिखित परंपरेने त्याचा सांगाडा राखला आणि प्रत्यक्ष मेळाव्यांनी त्यात प्राण भरला. लोकनृत्य म्हणजे अनामिक खेडुतांनी प्राचीन काळापासून जसेच्या तसे सांभाळलेले नृत्य, ही व्याख्या ह्या प्रकारास लागू पडत नाही. समाजाने स्वतःच्या आनंदासाठी पुनःपुन्हा स्वीकारलेले व घडविलेले नृत्य, ही व्याख्या मात्र त्यास यथार्थपणे लागू पडते.